आधीच मानलेले उपकार

मार्थामावशीने एकदा गिझर फुटल्याबद्दल देवाचे उपकार मानले होते. तेही मनातल्या मनात नव्हे, रीतसर पाकिटावर कारण लिहून. नाताळच्या सकाळी भरल्या चर्चमध्ये ते कारण मीच खणखणीत आवाजात वाचलं : "श्रीमती मार्थाबाई साळवे. बंगला नंबर तीनचा गिझर फुटला, पण पाहुणे त्या वेळी बाहेर चहा पीत होते, याबद्दल." पाळकसाहेबांनी हसू लपवायला बायबल तोंडासमोर धरलं.

आमच्या लोणावळ्याच्या लहानशा चर्चमध्ये ही जुनी पद्धत आहे. वर्षभरात देवाने जे भलं केलं ते पाकिटावर लिहायचं, आत जमेल ते दान घालायचं आणि नाताळला पेटीत टाकायचं. उपासनेच्या शेवटी चर्चचा चिटणीस ती उपकाराची पाकिटं एकेक करून वाचतो. सोळा वर्षं झाली, चिटणीस मी आहे. लोकांची कारणं ठरलेली असतात. मुलगी पदवीधर झाली. ऑपरेशन सुखरूप पार पडलं. नवी मोटरसायकल घेतली. मोटरसायकलवाला मॉडेलसुद्धा लिहितो. देवाला कळायला नको का!

पोटापाण्यासाठी मी तुंगार्लीच्या बाजूच्या पाच भाड्याच्या बंगल्यांचा मॅनेजर आहे आणि मार्थामावशी त्याच बंगल्यांवर स्वयंपाक करते. मूळची पुण्याच्या वाटेवरच्या कान्हे गावची. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो लवकर गेला. मावशीची शाळा दुसरीत सुटली, त्यामुळे लिहिता-वाचता येत नाही. ती मला चर्चमध्ये शरद म्हणते आणि बंगल्यावर म्यानेजर. अरे-तुरे दोन्हीकडे.

बायबलमधली मार्था स्वयंपाकघरात राबत राहिली आणि तिची बहीण प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहिली, ही गोष्ट पाळकसाहेब दर वर्षी सांगतात. मावशी दर वर्षी बाहेर आल्यावर मला विचारते, "बहिनीनं लय चांगलं केलं, कबूल. पर मला येक सांग शरद, त्या दिशी भाकरी कुनी थापली?"

तिची पाकिटं लिहायचं काम माझ्याकडे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्या ऑफिसात येऊन खुर्चीत बसायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "लिव."

"बोल."

"बंगला नंबर चारच्या पाव्हन्यांनी गादीवर बिर्याणी सांडली."

"मावशी, यात उपकार कसले?"

"खोलीत गाद्या किती?"

"तीन."

"सांडली किती गाद्यांवर?"

"दोन."

"मग? लिव की!"

मी लिहायचो. गुडघा दुखतो पण एकच, याबद्दल. सिलिंडर संपला पण भात शिजल्यावर, याबद्दल. चार तास गाड्या घाटात अडकल्या, तेवढ्यात करंज्या तळून झाल्या, याबद्दल. एका वर्षी मी म्हटलं, "मावशी, देव वैतागेल." ती म्हणाली, "वैतागंल कशानं? समदे मागायला येत्यात. येक बाई हिशेब न मागता नुस्तं बरं हाय म्हनून सांगायला येती. त्यालाबी जरा बरं वाटू दे."

पण तिची खरी तऱ्हा वेगळीच. ती उपकार आधी मानायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कुकरला हात जोडायची. एका चोवीस डिसेंबरला पाचही बंगले भरलेले असताना वीज गेली. पाहुणे माझ्या अंगावर धावून येत होते आणि ही ओट्याशी उभी राहून म्हणाली, "लाईट आली, बाबा, उपकार." अंधार तसाच. मी चिडून म्हटलं, "कुठे आलीय?" म्हणाली, "येईल न्हवं. आल्यावर काय कुनीबी मानंल. हाटेलातबी जेवान झाल्यावर बडीशेप खात खात मानत्यात. आदी मानायला छाती लागती." वीज साडेतीन तासांनी आली. मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाली, "मी काय येळ सांगितली व्हती का?"

याच छातीने तिने एक पाकीट माझ्याकडून लिहून घेतलं होतं. त्याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलोय. बाकीचं ज्याला हसायचं त्याने हसून घ्यावं.

तिचा मुलगा सुहास. एकुलता एक. गाडी चालवायचा. दहा वर्षांपूर्वी नाताळच्या गायनफेरीला तो पिऊन आला. घरोघरी गाणी म्हणत फिरणाऱ्या आमच्या त्या फेरीत पुढे बांबूला बांधलेला कागदाचा तारा असतो, तो त्या वर्षी सुहासच्या हातात होता. एका दारात त्याचा तोल गेला आणि तारा फाटला. मावशीने तिथेच, सगळ्यांसमोर, त्याच्या थोबाडीत मारली. तो म्हणाला, "आजपासून तू माझी आई नाहीस." आणि गेला तो गेलाच. सुरतेकडे आहे, एवढंच कळलं.

पुढच्या डिसेंबरला मावशी ऑफिसात आली. गाद्या, सिलिंडर, गुडघा झाल्यावर म्हणाली, "आता लिव. सुहास नाताळला घरी आल्याबद्दल."

"आला?" मी दचकून विचारलं.

"येईल न्हवं. आल्यावर लिवायला ऐन सीजनात तू गावशील व्हय? आला की वाच. न्हाई आला तर माघारी दे."

तेव्हापासून तेच पाकीट. नाताळला ते इतर पाकिटांबरोबर माझ्या हातात यायचं, मी शेवटच्या बाकापर्यंत नजर टाकायचो आणि ते न वाचता गठ्ठ्याखाली सारायचो. उपासना संपली की मावशी दारात तळहात पसरून उभी असायची. मी पाकीट त्यावर ठेवायचो. "उपकार," ती म्हणायची. "फुडल्या वर्षी." मग ते वर्षभर तिच्या गीतांच्या पुस्तकात राहायचं. दर डिसेंबरला मी जुनं साल खोडून नवं घालायचो. घडीवर पाकीट फाटलं तेव्हा ऑफिसातली चिकटपट्टी लावून दिली.

तिची बाकीची पाकिटं मी नाटकी ढंगाने वाचत असे, हे सांगायला हवं. बिर्याणीच्या आधी मुद्दाम थांबायचो. लोक पोट धरून हसायचे, मावशीही हसायची. मला वाटायचं, मी तिचं कौतुक करतोय. पाळकसाहेब एकदा म्हणाले, "शरद, जरा कमी." मी कमी केलं नाही. लोक हसायचे ते माझ्या वाचण्याला, असं मला आवडायचं.

आता दोन नाताळांमागची गोष्ट.

त्या आठवड्यात लोणावळ्याचं काय होतं ते इथे राहणाऱ्यालाच विचारावं. दूध आणायला निघालेला माणूस तासाने परततो. चिक्कीच्या दुकानांपुढे रस्त्यावर रांगा, कार्ल्यापर्यंत गाड्या एकमेकींना चिकटलेल्या. त्यात पंचवीस तारखेला दुपारी खुद्द मालकांचे तीस पाहुणे जेवायला येणार होते. आदल्या वर्षी जेवणात गोंधळ झाला होता आणि मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघावा लागेल." मी मावशीला नाताळची सुट्टी नाकारली. चर्चला येणं नाही, सकाळपासून स्वयंपाकघर. ती एवढंच म्हणाली, "आजवर येक नाताळ चुकला न्हाई रं." मग पेटीत टाकायला सगळी पाकिटं माझ्याकडे दिली. मी स्वतः मात्र तास-दीड तास जाणार होतो. चिटणिसाला जावंच लागतं ना!

चोवीसच्या संध्याकाळी माझा मोबाईल वाजला. "शरददादा, मी सुहास. टुरिस्ट बस घेऊन लोणावळ्यात आलोय. उद्या दुपारी दोनपर्यंत मोकळा आहे. आईकडे फोन नाही ना? तिला सांगता का, मी चर्चला येतोय म्हणून."

मी सांगतो म्हटलं. मावशी दहा पावलांवर वाटण वाटत होती. मी तिच्यापर्यंत गेलो आणि विचारलं, "पनीर पुरेल ना?"

सांगितलं असतं तर ती तीस माणसांचं जेवण टाकून गेली असती. तिने जायलाच हवं होतं. ते मला माहीत होतं, म्हणूनच मी सांगितलं नाही. मी विसरलो नव्हतो. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

सकाळी मी पाकिटं वाचत असताना सुहास आत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. त्याच वेळी ते चिकटपट्टी लावलेलं पाकीट माझ्या हातात होतं. आठ वर्षांत ते वाचायची वेळ पहिल्यांदा आली होती. मी वाचलं असतं तर सगळं चर्च मागे वळलं असतं, कुणीतरी स्कूटर काढून दहा मिनिटांत मावशीला पिठाच्या हातांसकट उचलून आणलं असतं. मी ते गठ्ठ्याखाली सारलं आणि पुढचं घेतलं. कुणाच्या तरी मुलीला नोकरी लागली होती.

लोक केक आणि चहाकडे वळले तसा तो माझ्यापाशी आला. "शरददादा, आई कुठाय?"

"कान्ह्याला गेलीय. शांताबाईंकडे." शांताबाई ही मावशीची बहीण, अंगणवाडीत सेविका होती, आता निवृत्त.

"पण मी येणार हे काल सांगितलंत ना तिला?"

मी म्हणालो, "सांगितलं."

त्याने केकभोवतीच्या गर्दीत एकदा नजर फिरवली. मग पुन्हा विचारलं, "आई परत कधी येणार?"

"दोन दिवसांनी."

तो कुणाशी न बोलता बाजूच्या फाटकाने निघून गेला. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. पावणेअकरा. मालकांचे पाहुणे एकला येणार होते. ते आले, जेवले आणि रस्सा अप्रतिम झाला असं म्हणाले.

चार वाजता मी मावशीला पाकीट परत दिलं. तिने तळहात पुढे केला. "उपकार. फुडल्या वर्षी." संध्याकाळी कुणीतरी तिला सांगितलंच की सुहास चर्चमध्ये दिसला. ती धापा टाकत माझ्याकडे आली. "शरद, आलता का रं तो? तुज्याशी बोलला?"

"गर्दीत दिसल्यासारखा वाटला, मावशी. बोलणं नाही झालं."

ती पायरीवर बसली. पदराने घाम पुसत म्हणाली, "आलता तर खरं. उपकार."

जानेवारीत मी गुपचूप त्या नंबरवर फोन लावला. तो बसच्या मालकाचा निघाला. "वो ड्राइवर तो काम छोड़ के गया," तो म्हणाला. कुठे गेला, त्याला माहीत नव्हतं. तेही मी मावशीला सांगितलं नाही. एकदा गप्प बसलं की पुढचं गप्प बसणं फार सोपं जातं.

वर्ष गेलं. तिचं माझ्याशी वागणं पूर्वीसारखंच. चहा तसाच, टोमणे तसेच. डिसेंबरात तिने पाकिटं लिहून घेतली, सुहासच्या पाकिटावरचं साल मी बदललं. आणि गेल्या नाताळला, मावशी दुसऱ्या बाकावर बसलेली असताना, गठ्ठ्यातून एक पिवळं पाकीट माझ्या हाती आलं. मी न लिहिलेलं. अक्षर मोठं, गोल, अंगणवाडीच्या फळ्यावर असतं तसं. मी सवयीने सुरुवात केली, "श्रीमती मार्थाबाई साळवे…" तिचं नाव ऐकताच लोक हसायच्या तयारीने सावरून बसले. एकाला तर आधीच खुदकन हसू आलं.

पाकिटावर लिहिलं होतं : शरद खरं बोलल्याबद्दल.

मी खोकलो. पाणी प्यायलो. मग ते पाकीट गठ्ठ्याखाली सारलं आणि पुढचं घेतलं. ते मला इतकं सहज जमलं, याचीच मला आजही भीती वाटते.

दारात मावशी तळहात पसरून उभी होती. मी सुहासचं पाकीट त्यावर ठेवलं. तिने हात मागे घेतला नाही.

"दुसरं?"

मी उरलेला गठ्ठा काखेत घट्ट धरला.

"कान्ह्याला गेलता तो," ती हळू आवाजात म्हणाली. "शांतीच्या दारात हुबा ऱ्हायला. आई हाय का इचारायलाबी त्वांड न्हवतं त्याला. मार्थाबाई हायत का, म्हनाला. ती तर लोनावळ्यालाच हाय म्हनल्यावर, शरददादानं तिला निरोप दिलता म्हनाला, पानी प्याला आन् गेला. आता त्याला वाटतंय, आईनं कळूनबी त्वांड चुकवलं."

"कधी कळलं तुला?"

"त्याच आठवड्याला."

"मावशी, वर्षभर बोलली नाहीस?"

"तू बोलशील म्हनून."

तेवढ्यात माझा फोन वाजला. बंगला नंबर दोनमध्ये गरम पाणी नव्हतं. तिने पदर खोचला. "ते ऱ्हाऊ दे तुज्याकडंच. वाचायचं ऱ्हायलंय न्हवं. चल म्यानेजर, पाव्हनं खोळंबल्यात."

ते पिवळं पाकीट वर्षभर माझ्या टेबलाच्या खणात होतं. खण उघडताना मी दुसरीकडे बघायचो.

परवा दुपारी मावशी ऑफिसात आली. यंदाही पाचही बंगले भरलेले, फोन थांबत नाही. तिने मेथीची जुडी मांडीवर घेतली आणि निवडता निवडता म्हणाली, "लिव. दुसरा गुडगाबी दुखाय लागला."

"यात उपकार?"

"आता लंगडत न्हाई. दोनी सारकंच."

मी लिहिलं. मला हसता येईना. मी खण उघडला, पिवळं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तिला वाचता येत नाही, पण रंग ओळखता येतो. तिचे हात मेथीतच राहिले.

"नाताळला वाचणार आहे," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर. पण आधी तुला सांगतो."

आणि सांगितलं. फोन, पनीर, शेवटचा बाक, हातात असलेलं पाकीट, 'सांगितलं' हा शब्द, जानेवारीतला तो बसवाला. काही लपवून ठेवलं नाही. फोन दोनदा वाजला, घेतला नाही. मावशी एकेक पान खुडत होती. माझं संपलं तेव्हा जुडीही संपली होती आणि तिच्या मांडीवर नुसते देठ होते.

"येक सांग," ती म्हणाली. "तुला इचारलं तवा मला काय म्हनाला त्यो?"

"म्हणजे?"

"मार्थाबाई म्हनाला? का…" ती थांबली. "आई म्हनाला?"

"आई म्हणाला, मावशी. 'शरददादा, आई कुठाय.' पुन्हाही तेच. 'आई परत कधी येणार.'"

तिने पहिल्यांदा मान वर केली. दूध नासलंय का हे बघायला ती पातेल्यात बघते, तसं माझ्याकडे बघितलं.

"खरं?"

"खरं."

"का मला बरं वाटावं म्हनून म्हनतूस?"

माझ्या आयुष्यात मी तिला सांगितलेली सगळ्यात खरी गोष्ट ती होती. पण याच तोंडाने मी दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलालाही असंच सरळ बघून सांगितलं होतं. साक्षीला दुसरं कुणी नव्हतं. असलाच तर तो, आणि तो कुठे आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नाही.

"खरंच, मावशी," मी म्हणालो. माझा मलाच तो आवाज खोटा वाटला.

मी वाट बघत राहिलो की ती उपकार म्हणेल. गिझरला म्हणाली होती, बिर्याणीला म्हणाली होती. ती म्हणाली नाही. तिने देठ गोळा केले, गीतांच्या पुस्तकातून चिकटपट्टी लावलेलं ते पाकीट काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"साल बदल."

मी पेन घेतलं. पाकिटावर खोडायला आता जागाच उरली नव्हती, म्हणून उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पुन्हा पहिल्यापासून लिहिलं : सुहास नाताळला घरी आल्याबद्दल.